फाटकाजवळचे दहा फूट

गेल्या जुलैतली गोष्ट. आषाढी होऊन आठवडा झाला असेल. सकाळचे पावणेसात वाजले होते. रात्रभर पाऊस लागून राहिला होता आणि नुकतीच उघडीप झाली होती. मी सिन्नरजवळच्या एका शाळेत शिकवते. पावणेसातला घर सोडलं नाही तर पहिला तास हुकतो. रोजच्यासारखी मी गाडी मागे घेत फाटकातून बाहेर काढत होते. आरशात पाहिलं. मान वळवून पाहिलं. रस्ता मोकळा दिसला. गाडीची मागची बाजू रस्त्यावर गेली आणि डावीकडून सायकलचा ब्रेक करकरला. मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

पलीकडच्या गल्लीतला सातवीतला मुलगा होता. गाडीचा त्याला धक्का लागला नव्हता. गाडी चुकवायला त्यानं सायकल वळवली आणि ओल्या रस्त्यावर ती घसरली. मी उतरून धावले तेव्हा तो उठून बसला होता, पण डावं मनगट उजव्या हातानं घट्ट धरून. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "अरे, जरा बघून चालवायची ना!" तो म्हणाला, "काकू, गाडी दिसलीच नाही. एकदम आली."

मनगटाजवळच्या हाडाला चीर गेली होती. चार आठवडे प्लास्टर. दवाखान्यात मी बरोबर होते, खर्चही आम्हीच केला. त्याची आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. रात्री झोप लागेना. पंचवीस वर्षं मुलांना शिकवते आहे, आणि पडलेल्या मुलाला आधी रागावले. त्याचं ते "दिसलीच नाही" पुन्हा पुन्हा आठवत होतं. मलाही तो दिसला नव्हता. मग दोघांच्या मध्ये होतं काय?

मध्ये आमचं कुंपण होतं.

आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूच्या एका जुन्या बंगल्यांच्या कॉलनीत आहे. कंपाउंडची भिंत जेमतेम अडीच फुटांची. घर बांधलं तेव्हा सासूबाईंनी भिंतीच्या आतून कडू मेंदी लावली. तिला कोयनेल असंही म्हणतात. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, पाणी फार लागत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत भिंतीसारखी दाट होते. घरातून रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं तर फाटकाच्या उजवीकडे ही मेंदी आणि डावीकडे जास्वंद, तिच्यावर चढलेली बोगनवेल, कोपऱ्यात बिट्टीचं झुडूप. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. सगळं सहा-साडेसहा फुटांवर गेलेलं. रस्त्यावरून घरातलं काही दिसत नाही, धूळ कमी येते, म्हणून आम्ही खूशच होतो. येणारे-जाणारे कौतुक करायचे. गाडी काढताना अडचण होते असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मी कॉलनीत येणाऱ्या माळीबुवांना बोलावलं. म्हटलं, कुंपण खाली घ्या. त्यांनी मोठ्या कात्रीनं वरचा शेंडा सपाट कापला, फूटभर कमी केला, बाहेर आलेल्या चार फांद्या छाटल्या आणि पाला गोळा करून दिला. मेंदी अगदी न्हाव्याकडून आल्यासारखी नीटनेटकी दिसायला लागली. मला वाटलं, झालं काम. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, हेही खरं.

पुढच्याच आठवड्यात त्याच जागी दूधवाल्यांची मोटारसायकल माझ्या गाडीच्या मागून हातभर अंतरावरून गेली. ते जोरात ओरडले. त्यांचं बरोबर होतं. मी गाडी तशीच बंद करून फाटकात उभी केली आणि रिक्षानं स्टँडवर गेले. त्या दिवशी ठरवलं की अंदाजानं काही करायचं नाही. आधी नीट बघायचं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं कामाला लागलो. गाडी मागे घेऊन मागचा बंपर बरोबर रस्त्याच्या कडेला आणून थांबवली. मी चालकाच्या जागेवर बसले. ह्यांनी शेजारच्यांच्या मुलाची सायकल हातात धरली आणि मेंदीच्या कडेकडेनं, रस्त्याच्या काठापासून तीनेक फुटांवरून चालत आले. मी दिसले की हात वर करायचा, आणि मला ते दिसले की मी हॉर्न द्यायचा, असं ठरवलं होतं. हॉर्न दिला तेव्हा ते माझ्यापासून फक्त दहा फुटांवर होते. म्हणजे गाडीच्या अगदी कोपऱ्याशी. टेपनं मोजलं म्हणून खरं वाटलं, नाहीतर मी वीस तरी म्हटले असते.

का ते मोजताना कळलं. गाडी मागे घेताना मान वळवली तरी माझे डोळे मागच्या बंपरपासून जवळजवळ सात फूट आत असतात. डोळे कुंपणाच्या रेषेत येईपर्यंत गाडीचे सात फूट रस्त्यावर गेलेले असतात. आमचा रस्ता तीस फुटी. जवळजवळ पाव रस्ता अडवल्यावर मला रस्ता दिसायला लागायचा. दुसरी गोष्ट म्हणजे, आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूनं चालतात. त्यामुळे फाटकाला लागून असलेल्या कडेनं जी वाहनं येतात, ती घरातून रस्त्याकडे बघणाऱ्याच्या उजवीकडून येतात. पण गाडी उलटी नेताना माझं तोंड घराकडे असतं, म्हणजे तीच बाजू माझी डावी होते. मी बसलेली उजव्या सीटवर. बघायचं पलीकडच्या काचेतून, शेजारच्या सीटच्या उशीच्या आणि मागच्या जाड खांबाच्या फटीतून. जिकडून धोका सगळ्यात जवळ, तीच बाजू सगळ्यात अवघड. आणि रस्त्याच्या अगदी कडेनं जातं कोण? ज्यांना मोठ्या गाड्यांची भीती वाटते ते. सायकलवरची मुलं, फिरायला निघालेली म्हातारी माणसं. आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही.

सायकल साधारण ताशी पंधरा किलोमीटरनं येते, म्हणजे सेकंदाला चार मीटर. दहा फूट म्हणजे तीन मीटर. त्या मुलाला आणि मला मिळून पाऊण सेकंद होता. सेन्सर असता तर निभावलं असतं का, असं ह्यांनी विचारलं. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. आमची वॅगन आर त्याआधीची. पण बहिणीची नवी गाडी आणून पाहिलं. सेन्सर मागे सरळ उभं असलेलं, जवळचं काही असेल तर वाजतो. बाजूनं वेगात येणाऱ्या सायकलला तो वाजला तेव्हा ती गाडीच्या मागे येऊन पोचलेली होती.

माळीबुवांनी शेंडा कापून काही फरक का पडला नाही, तेही कळलं. आमच्या गाडीत बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून चार फुटांना थोडे कमीच असतात. मेंदी साडेसहा फूट असो की साडेपाच, मला हिरवी भिंतच दिसणार. उलट वरून सपाट कापल्यावर तिला बाजूनं जास्त धुमारे फुटले आणि ती जाड झाली.

त्या संध्याकाळी माझ्या भाच्याशी फोनवर बोलणं झालं. तो मेलबर्नला असतो, बांधकाम क्षेत्रात काम करतो. तो म्हणाला, "मावशी, इथे गाडी बाहेर काढायच्या वाटेसाठी प्रमाणच ठरलेलं आहे. वाटेच्या कडेनं आत अडीच मीटर आणि रस्त्याच्या बाजूनं दोन मीटर, एवढा त्रिकोण मोकळा ठेवायचा. पायी चालणारा दिसावा म्हणून." मला ते पटलं. आपल्याला सगळं कुंपण घालवायचं नव्हतंच. फाटकाजवळचा तुकडा तेवढा मोकळा करायचा होता.

आम्ही खडूनं भिंतीवर खुणा केल्या. फाटकाच्या खांबापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट. उंची भिंतीएवढी, अडीच फूट. तीन का नाही, तर चार वर्षांचं मूल सव्वातीन फुटांच्या आसपास असतं. ते एकटं चालत आलं तर त्याचं डोकं तरी वर दिसायला हवं. बाकीची मेंदी होती तशी ठेवायची.

आता प्रश्न घरातला होता. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. रोज सकाळी परडी घेऊन त्या जास्वंद काढतात. मी सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, गणपती महिन्यावर आलेत. जास्वंद आत्ताच तोडायची? आणि मेंदी एवढी कापलीस तर मरेल ती." मी म्हटलं, "आई, तोडायची नाही, छाटायची आहे." माझी मलाच खात्री नव्हती. मी त्यांना गाडीत बसवलं. चालकाच्या जागेवर. ह्यांनी पुन्हा सायकल चालवत आणली. त्यांना ते दिसले आणि त्या दचकल्या. खाली उतरल्या, मेंदीला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काप. पण जाणता माणूस आण."

जाणता माणूस मिळाला तो दिंडोरीकडचा. आमच्या शाळेतल्या एका सरांच्या द्राक्षबागेत छाटणीला जाणारे एक काका. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्या मधल्या दिवसांत त्यांना थोडी सवड असते. त्यांनी मेंदीत हात घालून फांद्या फाकवल्या. बाहेरून हिरवीगार दिसणारी मेंदी आतून नुसत्या काड्यांची होती. पानं फक्त बाहेरच्या वीतभर जाडीत. ते म्हणाले, "ताई, हिला वर्षानुवर्षं वरून भादरली. आत ऊन गेलंच नाही. आता अडीच फुटांवर आणायची म्हणजे जुन्या लाकडावर यावं लागंल. दीड महिना खराट्यासारखी दिसंल, मग फुटंल. पावसाळ्यात फुटतीच. उन्हाळ्यात केलं असतं तर मी हात लावला नसता."

काम सुरू करायच्या आधी त्यांनी काठीनं सगळं कुंपण हळूहळू हलवून पाहिलं. साप असेल म्हणून. साप नव्हता, पण फाटकापासून पाचव्या फुटावर बुलबुलाचं घरटं निघालं. वाटीएवढं, आत तीन अंडी. काका थांबले. म्हणाले, "हे उडूद्यात. मग येतो." मला आधी घाई झाली होती. रोज गाडी काढायची होती. पण अंडी पाहिल्यावर काप म्हणायला जीभ रेटेना. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून यायला दोन आठवडे आणि उडायला पुढे आणखी दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस काढायचे होते.

त्या दिवसांत आम्ही जे केलं ते खरं तर पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. एक, रोज सकाळी हे रस्त्यावर जाऊन उभे राहायचे आणि "ये" म्हटल्याशिवाय मी गाडी हलवायची नाही. दोन, संध्याकाळी घरी आल्यावर गाडी उलटी आत घ्यायची, म्हणजे सकाळी तोंड रस्त्याकडे. संध्याकाळी मला घाई नसते, रस्त्यावर उभी राहून दोन्ही बाजू बघता येतात. मागे जायचं ते मोकळ्या अंगणात, वाहत्या रस्त्यावर नाही. पहिले चार दिवस फाटकाच्या खांबाला आरसा घासला. मग हात बसला. एवढी वर्षं हे का सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

ऑगस्टच्या मध्यावर घरटं रिकामं झालं. काका सकाळी सातलाच आले. त्यांच्याकडे सिकेटर, मोठी कात्री, बारीक दातांची करवत आणि कोयता होता. कोयता त्यांनी शेवटपर्यंत पिशवीतून काढला नाही. कोयत्यानं फांदी चिरते, चिरलेल्या जागी पाणी मुरतं आणि कुजतं, असं त्यांचं म्हणणं. दोन खुंट्या ठोकून अडीच फुटांवर सुतळी ताणली. अंगठ्याएवढ्या फांद्या सिकेटरनं, त्याहून जाड करवतीनं. प्रत्येक काप डोळ्याच्या जरासा वर आणि तिरका. डोळा म्हणजे जिथून फूट येते तो फुगवटा. तो रस्त्याकडे तोंड करून असेल तर आणखी खाली उतरून आतल्या अंगाच्या डोळ्यावर काप घ्यायचा, म्हणजे नवी फांदी बाहेर रस्त्यावर येत नाही. हे त्यांनी मला चार-पाच ठिकाणी करायला लावलं. मी चुकले की म्हणायचे, "ताई, डोळा बघा आधी."

माथा त्यांनी पायथ्यापेक्षा अरुंद ठेवला. खालच्या पानांनाही ऊन मिळावं म्हणून. आमच्या मेंदीचं नेमकं उलटं झालं होतं, वर रुंद आणि खाली उघडी.

जाड कापांना त्यांनी बोर्डो पेस्ट लावली. द्राक्षवाल्यांच्या घरात ती असतेच. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना आणि लिटरभर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. लोखंडाचं भांडं चालत नाही. ब्रशनं फासली की निळसर थर बसतो. पाऊस नसलेला दिवस पाहूनच हे करावं लागतं. आम्ही दोन वेळा दिवस पुढे ढकलला होता.

बोगनवेलीला हात लावताना मी साधे सुती हातमोजे घातले होते. काटा आरपार गेला आणि बोट आठ दिवस सुजलं. कातड्याचे जाड मोजे हवेत, आणि डोळ्यांवर चष्मा. वेल वरून सुटते तेव्हा फटकारा तोंडावर येतो. काकांनी आधी वेलीचे लहान लहान तुकडे करून उतरवले, मग जास्वंदीकडे वळले.

बिट्टीचं मात्र वेगळं. कापली की पांढरा चीक येतो. तिचं सगळं अंग विषारी, बिया तर फारच. चीक डोळ्यात जाता कामा नये. काकांनी तिच्या फांद्या बाकीच्या पाल्यात मिसळू दिल्या नाहीत. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर रोज शेळ्या येतात, पाला तिथे टाकला असता तर एखादी दगावली असती. जाळायच्याही नाहीत, धूर वाईट. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून आम्ही त्या पुरल्या. आणि एवढं कळल्यावर ती बिट्टी तिथे ठेवावी असं मला वाटेना. शाळेतून येणारी मुलं तिच्या बियांनी खेळतात हे मी पाहिलं होतं. मुळापासून काढली. एवढ्या सगळ्यात सासूबाईंनी लगेच मान्य केलेली गोष्ट ती एवढीच.

मेंदीचा आणि जास्वंदीचा पाला ढीगभर झाला. घंटागाडीत तो मावणारा नव्हता. बारीक तुकडे करून मागच्या अंगणात खड्ड्यात शेणकाल्यासोबत टाकला. जाड काड्या काका घेऊन गेले.

जास्वंदीच्या छाटलेल्या फांद्यांतून त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या निवडल्या, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढली आणि कुंडीत खोचल्या. आठ लावल्या, पाच जगल्या. आता ती जास्वंद मागच्या दाराशी आहे. सासूबाईंना परडी घेऊन फाटकापर्यंत जावं लागत नाही. पण त्या वर्षीच्या गणपतीला जास्वंद विकत आणावी लागली. त्या काही बोलल्या नाहीत, पण हारात फुलं ओवताना त्यांचं तोंड उतरलेलं होतं आणि मला ते दिसत होतं.

काका म्हणाले तसंच झालं. पहिले वीस दिवस फाटकाच्या दोन्ही बाजूंना नुसते खराटे. शेजारपाजारचे विचारायचे, कुंपण का मारलंत? मलाही रात्री वाटायचं की आपण मारलंच. एकविसाव्या दिवशी एका काडीवर तांबूस ठिपका दिसला. दसऱ्यापर्यंत अडीच फूट उंच, पायापासून भरलेली मेंदी झाली. इतकी गच्च ती आधी कधी नव्हती. जास्वंद आणि बोगनवेल नव्या फुटीवरच फुलतात. दिवाळीनंतर बोगनवेल अशी बहरली की सासूबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवली.

छाटणी झाल्यावर लगेचच्या रविवारी पुन्हा मोजलं होतं. गाडी त्याच जागी, सायकल तीच. या वेळी हे पंचवीस फुटांवर असताना मी हॉर्न दिला. सायकलच्या वेगाला जवळजवळ दोन सेकंद. मग गाडी फिरवून, तोंड रस्त्याकडे करून मोजलं. आकडा फारसा बदलला नाही, कारण मी आता मेंदीच्या बाजूलाच बसलेली असते. पण मान वळवावी लागत नाही, मध्ये सीट नाही, खांब नाही. शिवाय रस्त्यावरच्याला गाडीचं तोंड आणि आतला माणूस दिसतो. आधी त्या मुलाला हिरव्या भिंतीतून नुसता एक डबा बाहेर आलेला दिसला होता.

फाटकाच्या खांबांवर दोन मोठ्या कुंड्या होत्या, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतलेल्या. त्यांच्यामागे पायी येणारा माणूस अख्खा झाकला जायचा. त्या उतरवल्या. समोरच्यांच्या भिंतीवर, त्यांना विचारून, एक फुगीर आरसा बसवला. त्याचा उपयोग होतो, पण त्यात सगळं लहान आणि लांब दिसतं, आणि पावसात तो थेंबांनी भरतो. एकदा त्यात "लांब" दिसलेली स्कूटी दोन क्षणांत समोर होती. तेव्हापासून आरशात कोणी आहे असं दिसलं तर थांबते. आरसा रिकामा दिसला म्हणून निघत मात्र नाही.

रस्त्याच्या कडेला आमच्या फाटकापासून चार पावलांवर करंजाचं झाड आहे. त्याच्या बुंध्यातून फुटवे येऊन खाली झुपका झाला होता. हे म्हणाले, हात फिरवतोच आहोत तर तेही काढू. काकांनी नको म्हटलं. झाड आपल्या दारात असलं तरी ते आपलं नसतं. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि परवानगीशिवाय फांद्या तोडल्या तर दंड होतो. मी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज केला, फोटो जोडले, शाळकरी मुलांचा रस्ता आहे असं लिहिलं. पाहणीला माणूस आला आणि पुढे त्यांच्याच लोकांनी फुटवे काढले.

सप्टेंबरात एक चूक झाली ती सांगते. छाटलेली मेंदी पावसाळ्यात तीन आठवड्यांत फूटभर वाढते, हे मला माहीत नव्हतं. गौरी-गणपतीच्या गडबडीत मी तिच्याकडे बघितलं नाही. कोवळे धुमारे वर आले, आणि कोवळे म्हणून मी ते मनावर घेतले नाहीत. एका सकाळी त्या धुमाऱ्यांमागून एक आजोबा काठी टेकत आले आणि मला ते फाटकाच्या तोंडाशी आल्यावर दिसले. मी उभीच होते, त्यामुळे काही झालं नाही. पण हात थरथरले. त्या दिवसापासून ठरलं आहे : जून ते ऑक्टोबर दर तिसऱ्या रविवारी, थंडीत दोन महिन्यांनी एकदा. दहा फुटांना कात्रीनं वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. काकांनी जाताना अडीच फुटांची एक बांबूची काठी कापून दिली होती. ती फाटकाच्या आत टांगलेली असते. काठीच्या वर आलं की कापायचं.

मुलाचं प्लास्टर ऑगस्टमध्ये निघालं. तो आता आठवीत आहे. माझ्याशी बोलायला सुरुवातीला बुजायचा. मी एकदा त्याच्या घरी जाऊन त्याला सांगितलं की त्या दिवशी चूक तुझी नव्हती आणि मी रागावले ते चुकलं. तो फक्त मान हलवून आत गेला. त्याच्या आईनं चहा टाकला. निघताना त्यांनी मला त्यांच्या फाटकापाशी नेलं आणि विचारलं, "ताई, आमची ही मधुमालती पण कमी करायला हवी का?" त्यांच्या गाडीत बसून पाहिलं. करायला हवी होती. काकांचा नंबर दिला.

या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिल्या सोमवारी मी गाडीत बसले होते. तोंड रस्त्याकडे. मेंदीच्या वरून एक निळी टोपी सरकत आली, मग हँडल, मग तो. मी थांबलेलीच होते. त्यानं एक हात वर केला आणि गेला.

काल काठी लावून पाहिली. मेंदी दोन बोटं वर आली आहे. या रविवारी कापायची.